टॉकीजवरची निऑन पाटी पाडकामाआधी उतरवायची आहे, सल्ला हवा

माळरान_१३ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एकपडदा टॉकीज आहे. बंद पडून बरीच वर्षं झाली. आता वारसांची वाटणी झाली, जागा बिल्डरने घेतली आणि दिवाळीनंतर पाडकाम सुरू होणार. टॉकीजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं इथं वाचत असतात आणि प्रकरण अजून निवलेलं नाही.

टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर निऑनची पाटी आहे. देवनागरीत नाव, एकेक अक्षर दोन हात उंच, लाल. डाव्या अंगाला मोर. त्याचा पिसारा तीन टप्प्यांत उघडायचा: आधी मधली पिसं, मग बाजूची, मग सगळा, आणि पुन्हा अंधार. आमच्याकडे पत्ता सांगताना अजून 'मोराच्या अलीकडे', 'मोराच्या समोर' असंच सांगतात, टॉकीजचं नाव कुणी घेत नाही. सध्या अक्षरांच्या काही नळ्या फुटल्यात, मागच्या पत्र्यात कबुतरांचा संसार आहे. मोर मात्र खालून तरी बराचसा शाबूत दिसतो.

भंगारवाला येऊन गेला. लोखंडाचा आणि तांब्याचा भाव केला, काच फुकटात उचलतो म्हणाला. बिल्डरचा माणूस बरा निघाला. पाडायच्या आधी तुम्ही तुमच्या जबाबदारीवर उतरवून न्या, म्हणाला. आम्ही पाच-सहा जण तयार आहोत, थोडी वर्गणीही होईल.

प्रश्न असे की या नळ्या परत पेटतात का? असं काम करणारी माणसं उरलीत का? की सरळ तोच आकार एलईडीत करून घ्यावा? आणि उतरवली तर ठेवायची कुठे?

चिंचबन

फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय भाकरी. फोटो टाका आधी.

व्यवहारचतुर

भावना समजू शकतो, पण जरा हिशोब करा. फुटकी काच, गंजका पत्रा, उतरवायला क्रेन, वाहतूक, दुरुस्ती. एवढं करून पुन्हा एखादं माकड दगड मारणार. बाजारात एलईडीची निऑन फ्लेक्स, म्हणजे निऑनसारखी दिसणारी लवचिक पट्टी, मीटरच्या भावाने मिळते. बारा व्होल्टवर चालते, शॉक लागत नाही, पडली तर फुटत नाही. जुन्या पाटीचा नीट फोटो काढा, तोच आकार वळवून घ्या. लांबून कुणाला फरक कळणार नाही. उरलेल्या पैशात वाचनालयाला पंखे द्या.

फुंकनळी

व्यवहारचतुर, फरक कळतो. लांबूनही कळतो. त्यावर नंतर येतो.

माळरान, मी लालबागला साईनच्या कारखान्यात काच वळवायचं काम केलं आहे, आता निवृत्त. पहिली गोष्ट म्हणजे अजून कुणालाही शिडी लावू देऊ नका. उतरवताना जेवढी काच फुटते तेवढी वाऱ्यापावसाने वीस वर्षांत फुटत नाही.

नळ्या परत पेटतात का, याचं उत्तर असं. निऑनच्या नळीत आपल्या बल्बसारखी जळून जाणारी तार नसते. दोन टोकांना धातूच्या टोप्या, मधे विरळ केलेला वायू, आणि बाहेरून हजारो व्होल्टचा दाब. जळण्यासारखं आत काही नाहीच. काच तडकली नाही आणि टोकं शाबूत असली तर नळी पन्नास वर्षंही चालते. लॉस एंजेलिसला क्लिफ्टन्स नावाच्या जुन्या कॅफेटेरियात २०१२ मध्ये नूतनीकरण चालू असताना भिंतीमागे बुजवलेली निऑनची नळी सापडली, ती तेव्हाही पेटलेलीच होती! १९३०च्या दशकापासून कुणी बंदच केली नसावी, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. तेव्हा तुमची पाटी बंद आहे म्हणजे नळ्या मेल्या, असं धरू नका. नव्वद टक्के वेळा आधी ट्रान्सफॉर्मर किंवा वायर गेलेली असते. (नव्वद हा आमच्या कारखान्यातला बोलायचा आकडा आहे, कुणी पुरावा मागू नये.)

आता रंग. साध्या पारदर्शक काचेत नुसता निऑन भरला की तो लाल-केशरी पेटतो. तुमची अक्षरं बहुतेक तशीच असणार. निळा हवा तर अर्गॉन वायू आणि पाऱ्याचा एक थेंब. हिरवा, गुलाबी, पांढरा किंवा गडद निळा हवा तर आतून पावडर फासलेली काच घ्यायची आणि तिच्यात अर्गॉन-पारा. गंमत अशी की पावडरच्या नळ्या विझलेल्या असताना सगळ्या सारख्याच पांढुरक्या दिसतात. मोराचं कुठलं पीस हिरवं आणि कुठलं निळं, हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. म्हणून गावात कुणाकडे पाटी पेटलेली असतानाचा रंगीत फोटो आहे का, ते शोधा. लग्नाच्या वरातीचे फोटो बघा. वराती टॉकीजसमोरूनच जातात.

माळरान_१३

@फुंकनळी, काका, दंडवत. वरातीच्या फोटोंचं सुचलंच नव्हतं. आमच्या चुलत्यांची वरात तिथूनच गेली होती, अल्बम काढायला सांगतो.

फोटो जोडलेत. मोबाईल झूम करून काढलेत, समजून घ्या.

मेसाची_माहेरवाशीण

फोटो बघून राहवलं नाही. आमच्या गावाची गोष्ट सांगते.

मी अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात राहते. इथल्या मेन स्ट्रीटवर स्टारलाइट मोटेल आहे. त्याच्या उंच खांबावर १९६०पासून निऑनची एक पोहणारी बाई आहे. एकाच बाईच्या तीन आकृत्या, वरून खाली. वरची पेटते, विझते, मग मधली, मग खालची पाण्यात सूर मारते. तुमच्या पिसाऱ्यासारखेच तीन टप्पे. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये वादळ आलं आणि खांबासकट सगळं कोसळलं. काचेचा चुरा झाला, पत्र्याच्या आकृत्या चेपल्या.

मोटेलवाल्याला एवढा खर्च झेपणारा नव्हता. गावातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने काम अंगावर घेतलं आणि लोकांनी पैसे दिले. साधारण सव्वा लाख डॉलर लागले. २०१३च्या एप्रिलमध्ये बाई पुन्हा पेटली, त्याच जागी, त्याच मोटेलसमोर.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी ती संग्रहालयात नेली नाही. मोटेल अजून चालू होतं, म्हणून पाटीलाही तिथं काम होतं. तुमच्या टॉकीजचं तसं नाही, हे कळतंय मला.

डेकोवेडा

माळरान, पाटीच्या अक्षरांची घडण बघा. 'ट'चा पोट काढलेला गोल आणि तिरकी वेलांटी. ही वळणं रंगाऱ्याच्या कुंचल्याची नाहीत, काचेच्या वळणाची आहेत.

मुंबईत या विषयावर बोलणारे थोडे लोक आहेत, पण त्यांचं बोलणं बहुतेक इमारतींबद्दल असतं. रीगल १९३३ची, इरॉस १९३८ची, लिबर्टी १९४९ची. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह जागतिक वारसा यादीत घेतला. त्यात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या इमारती, इरॉस, रीगल ही सगळी मंडळी आली. या थिएटरांचा अर्धा थाट रात्रीचा होता. दिवसा सिमेंटची उभी रेघ दिसायची, रात्री त्याच रेघेवर नाव पेटायचं. तरी आपल्याकडे वारसा श्रेणी मिळते ती इमारतीला किंवा परिसराला. मुंबईची १९९५ची वारसा नियमावली बघा, सगळा विचार बांधकामाच्या अंगाने. पाटी म्हणजे मालकाची जंगम वस्तू, रंग बदलावा तशी बदलायची.

आणि हे मुंबईचं झालं. तालुक्याच्या टॉकीजला कोण श्रेणी देणार?

व्यवहारचतुर

सव्वा लाख डॉलर. म्हणजे रुपयांत एक कोटीच्या आसपास. संपला विषय.

मेसाची_माहेरवाशीण

अहो, तो खांब उंच होता आणि सगळं कोसळलेलं होतं. इथं पाटी भिंतीवर जागेवर आहे. आणि अमेरिकेतली मजुरी इथं कशाला लावता?

विस्तुलाकाठचा

वॉर्सात शिकतो आहे. इथली एक हकिगत या धाग्यावर शोभेल.

पोलंडमध्ये स्टालिन गेल्यानंतर, पन्नाशीच्या उत्तरार्धापासून, सरकारने स्वतःच शहरं निऑनने उजळायला घेतली. मासळीचं दुकान, पुस्तकाचं दुकान, दूध केंद्र, सगळ्यांच्या पाट्या सरकारी खर्चाने, नामवंत चित्रकारांकडून काढून घेतलेल्या. विकायला माल नसायचा, पण पाटी अप्रतिम! राज्यव्यवस्था बदलल्यावर या पाट्या कुणाच्याच राहिल्या नाहीत. दुकानं खाजगी झाली, नव्या मालकांना जुना काळ नको होता. ढीगच्या ढीग भंगारात गेले.

कॉन्स्टिट्यूशन चौकात एका इमारतीवर व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी होती, १९६१च्या सुमाराची. तिने मारलेला चेंडू इमारतीवरून टप्प्याटप्प्याने खाली येतो. कितीतरी वर्षं बंद होती. २००६ मध्ये पाउलिना ओवोव्स्का या चित्रकर्तीने पुढाकार घेऊन, आपल्या कलाकृतीच्या पैशातून ती दुरुस्त करवली. आज ती चालू आहे. पुढे २०१२ मध्ये इथं निऑनचं संग्रहालयही झालं. एका छायाचित्रकार बाईंनी आणि त्यांच्या जोडीदाराने पाट्यांचे फोटो काढता काढता पाट्याच गोळा करायला सुरुवात केली, त्यातून.

दोन्ही बघितलंय म्हणून सांगतो. संग्रहालयात पाट्या सुंदर दिसतात, पण जमिनीवर, डोळ्यांसमोर, एकीला खेटून दुसरी. चौकातली मुलगी बसमधून उतरताना मान वर केली की दिसते. तुम्हाला पाटी हवी आहे की पाटीचं चौकात असणं हवं आहे, ते आधी ठरवा. खर्च त्यावर ठरेल.

चिंचबन

वाह. हा धागा वाचनखुणांत.

अवांतर: व्यवहारचतुर यांचं नाव बदलून 'पंखेवाले' करावं का?

व्यवहारचतुर

हसा. वाचनालयात मे महिन्यात बसून दाखवा मग.

फुंकनळी

भांडू नका रे. एलईडीचं बोलतो म्हटलं होतं.

काचेच्या नळीत सगळा वायूच पेटतो, नळीच्या चहूबाजूंनी. त्यामुळे मागच्या पत्र्यावर, बाजूच्या भिंतीवर, खाली पावसाच्या डबक्यातही रंग पडतो. फ्लेक्समध्ये दिव्यांची पट्टी एका बाजूला असते आणि वरून सिलिकॉनचं दुधी आवरण. उजेड समोर येतो, मागे नाही. दुसरं म्हणजे वळण. काच जिथं वळते तिथं कारागिराने फुंकर मारून तिची जाडी राखलेली असते, मोराच्या मानेसारखा बारीक बाक त्यातच येतो. पट्टी एका ठरावीक गोलाईच्या आत वळत नाही, जबरदस्ती केली की आतला दिवा जातो. तुमच्या मोराची मान फ्लेक्समध्ये बदकाची होईल.

विजेचं म्हणाल तर १५,००० व्होल्ट, ३० मिलीअँपियरचा एक ट्रान्सफॉर्मर म्हणजे ४५० व्होल्ट-अँपियर. एका इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. आणि मोर सगळा वेळ पूर्ण पेटलेला नसतोच.

आता काम कसं होतं ते थोडं सांगतो, म्हणजे कारागिराशी बोलताना तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही.

आधी कागदावर पाटी पूर्ण मापात काढायची, पण उलटी, आरशात दिसते तशी. कारण आम्ही काच पाठीमागून वळवतो, दर्शनी बाजू कागदाकडे. नळीच्या एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, तिचं तोंड आमच्या तोंडात. काच ज्योतीवर फिरवत राहायचं. ती लोंबायला लागली की बाहेर काढून कागदावर टेकवायची आणि त्याच क्षणी हलकी फुंकर, नाहीतर बाकावर नळी चपटी होते. हातमोजे नाहीत, काच किती मऊ झाली ते बोटांनाच कळतं. शिशाची काच असेल तर ज्योतीत हवा भरपूर हवी, कमी पडली की काच काळी पडते. आणि शिशाच्या काचेला साधी काच जोडू नये, गार होताना दोघी वेगवेगळ्या आकसतात आणि सांध्यात तडा जातो. तुमच्या फुटक्या अक्षरांना जोड देणाऱ्या माणसाला एवढं एक विचारा: जुनी काच कुठली आहे, हे तू कसं ओळखणार? गोंधळला तर दुसरा माणूस बघा.

आकार झाला की टोप्या जोडायच्या आणि नळी पंपावर चढवायची. आतली हवा ओढून, तिच्यातून जबर वीज सोडून काच इतकी तापवतात की कागद टेकवला तर करपतो. भिंतीला चिकटलेली घाण त्यात सुटते आणि पंप ती ओढून घेतो. मग नळी गार करून थोडासा शुद्ध वायू सोडायचा आणि बारीक नळी वितळवून बंद. ही पायरी उरकाउरकीत केली की नळी सहा महिन्यांत काळवंडते. जुनी पाटी दुरुस्त करणं म्हणजे बहुतेक वेळा हेच: न फुटलेली नळी उघडायची, पुन्हा तापवायची, पुन्हा भरायची. सगळं नवीन वळवावं लागत नाही.

देवनागरीची एक डोकेदुखी वेगळी. आमच्याकडे वरच्या रेघेची नळी स्वतंत्र करायचे आणि खालची अक्षरं वेगळी. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना नळी मागे वळवून न्यायची आणि तो भाग काळ्या रंगाने झाकायचा. तुमच्या फोटोत जो काळा रंग सोलवटलेला दिसतोय तो घाण नाही. कुणी उत्साहाने घासून काढू नका, नाव वाचता येणार नाही.

डेकोवेडा

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, काका. रंग आणि काचेबद्दल एवढं मराठीत कुठेच वाचलेलं नाही.

शॉर्टसर्किट

विद्युत अभियंता या नात्याने थोडं कडू बोलतो.

१५,००० व्होल्ट म्हणजे गंमत नाही. 'जरा जोडून बघू पेटते का' हा मोह कुणालाही होऊ देऊ नका. जुन्या वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, पत्र्याच्या डब्यात कबुतरांची घाण आणि ओल असते, ठिणगी पत्र्यावर आली की आख्खी पाटी जिवंत. दिव्याच्या टेस्टरने यातलं काही तपासता येत नाही. वीजजोड खरंच तोडला आहे का, ते वायरमनकडून लेखी घ्या. बंद टॉकीजमध्ये शेजाऱ्याने आकडा टाकलेला असतो, हे सांगायला नको.

निळ्या-हिरव्या नळ्यांत पारा आहे. फुटली तर झाडूने लोटू नका, पोरांना लांब ठेवा, ओल्या फडक्याने तुकडे उचलून झाकणाच्या डब्यात भरा. आणि जुन्या पाटीत काचेखाली किंवा ट्रान्सफॉर्मरशेजारी राखाडी तंतुमय पुठ्ठा दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तोडू नका, कोरडा घासू नका.

तिसरं, परत लावताना. घाटकोपरचं होर्डिंग मे २०२४ मध्ये पडलं, सतरा माणसं गेली. तेव्हापासून रस्त्यावर लटकणाऱ्या कुठल्याही गोष्टीचं नाव काढलं की नगरपरिषदेत पहिला प्रश्न स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी (सांगाडा भक्कम असल्याच्या) प्रमाणपत्राचा येतो, आणि तो बरोबरच आहे. नवीन लोखंडी सांगाडा करा. जुन्याच्या गंजावर रंग मारून भागवू नका.

कौलूनचा_काका

शॉर्टसर्किट म्हणतात ते हाँगकाँगमध्ये दिसतंय. नेथन रोडच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याच्या मधोमध येणाऱ्या पाट्या होत्या. सुरक्षेच्या नियमांनी बहुतेक गेल्या, नियम चुकीचे नव्हतेच. पण परवानगी नव्याने घेऊन पुन्हा लावण्याएवढा खर्च दुकानदाराला परवडेना, म्हणून काढलेली परत कधी वर गेली नाही. एका स्टेकहाऊसवरची निऑनची गाय २०१५ मध्ये उतरवली, ती आता एम प्लस संग्रहालयाकडे आहे. गाय वाचली, रस्ता गेला.

म्हणून उतरवायच्या आधी परत लावायची जागा ठरवा. लेखी घ्या. एकदा गोदामात गेली की पाटी गोदामाचीच होते.

मेसाची_माहेरवाशीण

+१. इथंही हीच अडचण होती. जुनी पाटी दुरुस्तीला खाली काढली की नियमाने ती 'नवी पाटी' ठरायची, आणि नव्या पाटीला ती उंची, ते लुकलुकणं मंजूर नसायचं. दुरुस्तीच करता येईना. आमच्याच राज्यातल्या टुसॉन शहराने २०११ मध्ये ऐतिहासिक पाट्यांसाठी वेगळा नियम केला, तेव्हा तिथल्या पाट्या खाली उतरून परत वर जायला लागल्या. तुमच्या नगरपरिषदेला वेगळा नियम करा म्हणणं अवघड आहे, पण ठरावात 'जुनी पाटी स्थलांतरित' असं लिहून घेता आलं तर बघा.

विस्तुलाकाठचा

मालकीचंही आधी बघा. लास वेगासला कितीतरी पाट्या कॅसिनोच्या नव्हत्याच, साईन बनवणाऱ्या कंपनीने भाड्याने दिलेल्या होत्या. तिथलं निऑन संग्रहालय उभं राहिलं त्यात अशा कंपनीच्या आवारात पडून राहिलेल्या पाट्यांचा मोठा वाटा. तुमच्याकडे बिल्डर 'न्या' म्हणतो, पण पाटी त्याची आहे का? वारसांपैकी एकाने उद्या हात वर केला तर?

माळरान_१३

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती.

मालकी: दोन्ही वारसांची सही असलेलं देणगीपत्र तयार होतंय. थोरल्यांनी लगेच होकार दिला, धाकट्यांनी अट घातली की वडिलांच्या नावाची छोटी पाटी खाली हवी. रास्त आहे.

जागा: एसटी स्टँडवाल्यांनी हात झटकले. शाळेने मुलं दगड मारतील म्हणून नको म्हटलं (व्यवहारचतुर, खूश?). वाचनालयाची समिती तयार आहे. इमारत बाजारपेठेतच, टॉकीजपासून चार दुकानं सोडून, दर्शनी भिंत चुन्यातल्या दगडी बांधकामाची. समितीत दोन तास वाद झाला की वाचनालयावर सिनेमाची पाटी कशी. शेवटी फक्त मोर लावायचा आणि नावाची अक्षरं आत, जिन्यात, असं ठरलं. मला हे निम्मं पटलंय, निम्मं नाही.

डबा उघडला, वायरमन सोबत होता आणि जोड तुटलेला असल्याचं त्याने लिहून दिलंय. आत तीन ट्रान्सफॉर्मर मोराचे आणि दोन अक्षरांचे. एकाच्या बुडातून डांबर ओघळून पत्र्यावर थिजलंय. शिवाय एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर तीन चकत्या, प्रत्येक चकतीला वेगळ्या जागी खाच. हीच पिसारा उघडायची का?

फुंकनळी

हीच. चकती फिरते, खाच आली की पत्ती पडते आणि त्या टप्प्याच्या ट्रान्सफॉर्मरला घरगुती व्होल्टेज मिळतं. साधी, भक्कम वस्तू. इलेक्ट्रॉनिक टायमर बसवा असं कुणी सांगेल, ऐकू नका. चकत्यांच्या खाचांतच मोराची चाल आहे. मोटर जळली असेल तर नवी घ्या, चकत्या त्याच ठेवा. डांबर गळलेला ट्रान्सफॉर्मर तापून गेलेला आहे, तो सोडून द्या. बाकीचेही दुरुस्तीवाल्याने तपासल्याशिवाय जोडायचे नाहीत. परत बसवताना अर्थ फॉल्ट झाला (वीज पत्र्यात किंवा जमिनीत गळली) की आपोआप बंद पडणारे घ्या, शॉर्टसर्किटचा जीवही शांत होईल.

मोर आणि नाव वेगळं करताय, ते मला नाही आवडलं. पण ते तुमच्या गावचं.

डेकोवेडा

पत्र्याच्या रंगाचं काय करणार? नवा रंग की आहे तसा? सिनसिनाटीला साईनचं एक संग्रहालय आहे, तिथं एकाच छपराखाली दोन्ही प्रकार दिसतात, आणि निऑनचं चालतं वर्कशॉपही आहे, काच वळताना बघता येते. माझं मत: उडालेला रंग तसाच ठेवावा, फक्त गंज थांबवावा. नव्या ऑईलपेंटने मोर गणपतीच्या मंडपातला वाटेल.

व्यवहारचतुर

गंज थांबवायचा तर रंग लागणारच. गंजलेला पत्रा दगडी भिंतीवर पाच पावसाळे टिकत नाही. वास्तू जपणाऱ्यांना पावसाचा अनुभव नसतो का?

डेकोवेडा

आहे. म्हणूनच मागून रंग, पुढून नाही.

व्यवहारचतुर

हे मात्र बरोबर. आणि महिन्याच्या वीजबिलाचं कुणी ठरवलंय का? उद्घाटनाला आमदार येतील, दुसऱ्या महिन्यात बिल कोण भरणार? समोरच्या दुकानदारांना विचारा. रात्री गिऱ्हाईक त्यांचंच थांबणार आहे. शंभर-शंभर रुपये दिले तरी भागतं. वर्गणीत माझेही धरा, पंख्यांतून कापून.

चिंचबन

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

माळरान_१३

व्यवहारचतुर, धन्यवाद, मनापासून. सोनाराने आणि रसवंतीवाल्याने होकार दिलाय, मेडिकलवाला 'बघू' म्हणतो.

चुलत्यांच्या वरातीचा फोटोही मिळाला. घोड्याच्या कानाच्या वर मोर आहे, पहिल्या टप्प्यात, म्हणजे फक्त मधली पिसं. ती निळी आहेत. बाजूच्यांसाठी आणखी वराती शोधतोय.

मुंबईतल्या एका कारागिराशी काकांनी फोन जोडून दिला. तो उतरवायला स्वतः येतोय. तोपर्यंत नळ्यांची मापं मागितली आहेत. @फुंकनळी, वरच्या रेघेची नळी टोक ते टोक मोजू की मागे वळलेल्या भागासकट?

फुंकनळी

वळणासकट. टेपने नको, दोरीने मोज. दोरी नळीच्या अंगावरून फिरव, काचेला हात न लावता, मग दोरी टेपवर ठेव. आणि प्रत्येक नळीच्या टोकाला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांध. चिकटपट्टी लावू नकोस, ती काढताना टोपी हलते. पॅकिंगला गवताचा पेंढा चालेल, पण नळीवर नळी रचायची नाही. तो आला की त्यालाच रचू दे, तू फक्त खोकी रिकामी करून ठेव.